मेणातला राग

आजी: अक्का गेल्या ना, आता तरी बोला. सकाळपासून दातखीळ बसल्यासारखे बसलायत.

आजोबा: काय बोलायचं? हसली ती.

आजी: थोडंसं हसल्या.

आजोबा: थोडंसं? पदर नाही म्हणून चीवराच्या टोकानं डोळे पुसत होती. मठात राहणारी बाई, डोक्यावरचे केस उतरवलेली, जन्मभर ध्यान केलेली. आणि माझी मूर्ती बघून पोट धरून हसली.

आजी: भिक्षुणी झाल्या म्हणून तुमची थोरली बहीण व्हायच्या राहिल्या की काय?

आजोबा: काय म्हणाली ऐकलंस ना? 'धाकट्या, याला मठाच्या दारात उभा केला तर चोरसुद्धा चपला काढून आत येईल.' अगं, तूही हसतेस?

आजी: मी कुठं हसले? ठसका लागला.

आजोबा: हसून घे. दाराचा रक्षक करायला सांगितला होता. महाकाळ. बघणाऱ्याच्या काळजात धस्स व्हायला हवं. आणि हा बघ, मेणाचा गोळा. याला चार हात दिलेत, पाठीला ज्वाळा दिल्यात, कवट्यांचा मुकुट दिलाय, आणि चेहरा मात्र 'या, बसा, पाणी घ्या' म्हणणाऱ्या माणसाचा.

आजी: सुळे चांगले झालेत.

आजोबा: सुळ्यांचं कौतुक नको. माझं कामच नाही हे. मी शांत मूर्ती करणारा माणूस. बुद्ध सांग, तारा सांग, डोळे मिटून करीन. उग्र मूर्ती दादाच्या. बाबांनीच वाटणी करून दिली होती, थोरल्यानं उग्र करायच्या, धाकट्यानं शांत. आता दादा गेला तर उग्र कोण करणार? अक्काला सांगतो, दुसरा कारागीर बघ.

आजी: मग त्यांनी तेव्हाच का नाही बघितला? दुसरे कारागीर त्यांनाही ठाऊक आहेत. तुमच्याकडेच आल्या ना त्या?

आजोबा: भावाकडे आली. कारागिराकडे नाही.

आजी: बरं, उठा. भिंगरी येईल आता शाळेतून. तिच्यापुढे असं तोंड करून बसू नका. तोंडावरून आठवलं, रक्षकापेक्षा तुम्हीच आत्ता जास्त भयानक दिसताय.

*

भिंगरी: आजोबा, याचे दात दुखतायत का?

आजोबा: कुणाचे?

भिंगरी: या मेणाच्या काकांचे.

आजोबा: ऐकलंस गं? नातीचंही मत आलं. आई कामावरून येईपर्यंत ही आता इथं बसून माझी लाज काढणार.

आजी: भिंगरी, दप्तर आत ठेव. आणि तुझं स्टूल कुठं असतं?

भिंगरी: दाराजवळ. तिथून पुढे यायचं नाही, कारण भट्टी आहे. मला माहितीये. आजोबा, हा कुणाच्या अंगावर उभा आहे?

आजोबा: तो खालचा? तो 'मी-मी' करणारा. मला पाहिजे, माझंच आहे, मीच पहिला, असं म्हणणारा. तो प्रत्येकात थोडा थोडा असतो. त्याला हा पायाखाली दाबून धरतो.

भिंगरी: आमच्या वर्गात एक आहे तसा. त्याच्यावर कुणी उभं राहिलं तर बाई रागावतील. आणि पाठीमागे आग लागलीये ती?

आजोबा: ती लागलेली नाही, त्याचीच आहे. आपल्या मनातलं वाईटसाईट जाळायला.

भिंगरी: म्हणजे हा राक्षस नाही?

आजोबा: छे गं. तो कोपऱ्यात चार हातांचा बसलाय बघ, दोन हात जोडून, एका हातात कमळ घेऊन. अवलोकितेश्वर. सगळ्यांचं दुःख बघतो, कुणालाही रडताना सोडून जात नाही. तोच हा. त्यानंच हे रूप घेतलंय.

भिंगरी: तो? तो तर किती छान आहे. मग त्याला काय झालं?

आजोबा: आता हे कसं सांगू...

आजी: सरका, मी सांगते. भिंगरे, सकाळी तुझी आई तुला उठवायला येते, तेव्हा आधी कशी बोलते?

भिंगरी: ऊठ गं माझी सोनुली.

आजी: आणि तू नाही उठलीस की?

भिंगरी: मग परत येते. मग पांघरूण ओढते आणि ओरडते.

आजी: मग ती दुसरी बाई असते का?

भिंगरी: नाही. आईच असते. पण केस वेगळे असतात.

आजी: याचेही बघ, उभे राहिलेत.

आजोबा: हे मला जन्मभरात कुणी इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं.

आजी: तुम्ही विचारलंत कधी?

*

आजोबा: आरशासमोर बसलो होतो मघाशी.

आजी: बघितलं मी. भिंगरीनं पण बघितलं. तिला वाटलं तुम्हाला शिंक येतेय.

आजोबा: दादा असंच करायचा. आरसा टेकवून ठेवायचा, डोळे वटारायचा, गाल फुगवायचा, आणि तसंच मेणात उतरवायचा. मी डोळे वटारले की मला हसूच येतं.

आजी: येणारच. राग तुमच्या अंगात असेल तर तोंडावर येईल ना. दूध उतू गेलं तर तुम्ही म्हणता, 'गेलं वाटतं.' शेजारच्या माणसानं आपल्या दारात गाडी लावली, तर तुम्ही मागच्या दारानं ये-जा करायला लागलात. अजून करताय.

आजोबा: त्याला दुसरीकडे जागा नाही.

आजी: बघा. आणि त्याचीच बाजू घेताय.

आजोबा: दादा होता तेव्हा मला कधी गरजच पडली नाही गं. कुणी काही बोललं की माझ्याआधी तोच उसळायचा. चहा गार झाला तर भट्टीला शिव्या द्यायचा. घरातला सगळा राग त्यानं घेतला आणि सगळी शांती मला दिली. मी आपला मिटल्या पापण्या कोरत बसलो.

आजी: एक विचारू?

आजोबा: विचार.

आजी: दादांनी दुखणं लपवलं. शेजारच्या टेबलाला बसून काम करत होते, पोटात दुखत होतं, आणि तुम्हाला म्हणत राहिले, 'जागरण झालंय.' कळलं तेव्हा हातात काही उरलं नव्हतं. तुम्ही एकदाही त्यांच्यावर चिडला नाहीत. दवाखान्यातही नाही. नंतरही नाही.

आजोबा: आजारी माणसावर चिडायचं? आणि गेलेल्या माणसावर तर कुठल्या तोंडानं चिडायचं?

आजी: मी चिडले होते. भांडी घासताना रोज भांडायचे त्यांच्याशी. मोरीत दोन कप फोडले मी त्यांच्या नावानं.

आजोबा: ते तुझ्या हातून निसटले होते ना?

आजी: तुम्हाला तसं सांगितलं.

आजोबा: राहू दे आता हा विषय. उद्या दुपारी ती छोटी तारा ओतायची आहे. साचे वाळलेत. महाकाळाचं नंतर बघू.

आजी: बघू म्हणजे अक्कांना 'नाही' कळवायचं, असंच ना?

आजोबा: तारेचं ओतकाम झाल्यावर कळवतो.

*

(दुसऱ्या दिवशी दुपार. भट्टी पेटलेली, मातीचे तापलेले साचे वाळूत उभे.)

भिंगरी: आजी, आतलं मेण कुठं गेलं?

आजी: तापवल्यावर वितळलं आणि खालच्या भोकातून वाहून गेलं. आता मातीच्या आत तारेच्या आकाराची रिकामी जागा आहे. तिच्यात आजोबा पितळ ओतणार.

भिंगरी: म्हणजे आत्ता आत तारा आहे की नाही?

आजी: आत्ता तिची फक्त जागा आहे.

भिंगरी: मेणाची होती तेव्हा तिनं एक पाय खाली सोडला होता. तिला मांडी घालता येत नाही?

आजोबा: येते की. पण हाक आली की उठायला उशीर नको, म्हणून एक पाय आधीच खाली सोडून बसते. पूर्ण मांडी घातली तर उठेपर्यंत वेळ जातो. माझे गुडघे बघतेस ना?

भिंगरी: तुम्हाला तर दोन हाका माराव्या लागतात.

आजोबा: बरं, आता कुणी बोलायचं नाही. मी वितळलेल्या पितळेची मूस बाहेर काढतोय. भिंगरी, स्टुलावर. आणि तू ती फरशी बाजूला घे गं.

आजी: घेतली. वाट मोकळी आहे. सावकाश या.

आजोबा: आलो. मागे सर तू. हं. जरा जड झालीय आज.

आजी: साच्याचं तोंड समोर आहे तुमच्या. आणखी थोडं पुढे.

भिंगरी: आजी, वरच्या भोकातून तिची जागा दिसते का? मी नुसती बघते...

आजोबा: भिंगरे! मागे हो! मागे हो आधी, एक पाऊल पुढे टाकलंस तर याद राख!

आजी: धरलं, धरलं मी तिला. माझ्याजवळ आहे. तुम्ही आधी मूस खाली ठेवा. वाळूत ठेवा. हात सोडू नका एकदम. ठेवली? हं. या आता.

आजोबा: हात दाखव. दुसरा दाखव. तोंड इकडे कर. केस? केसांना काही नाही ना? शिंतोडा उडाला का कुठं?

आजी: काही झालं नाही. वाकली होती फक्त. पोचली नव्हती.

आजोबा: तिला किती वेळा सांगितलं... स्टूल... एवढं सांगून...

आजी: बसा खाली.

भिंगरी: आजोबा मला ओरडले.

आजी: हो गं, ओरडले. रड, रड. रडून घे.

भिंगरी: आजोबा कधीच ओरडत नाहीत. आजी ओरडते.

आजोबा: ये इकडे. ये ना. नाही ओरडणार आता. ये माझ्याजवळ.

भिंगरी: तुम्ही माझ्यावर रागावलात?

आजोबा: तुझ्यावर नाही गं. म्हणजे... तुझ्यावरही. पण मला भीती वाटली फार. तुला काही झालं असतं तर मी काय केलं असतं? तुझ्या आईला काय सांगितलं असतं? असं न सांगता जायचं असतं का पुढे? बाजूला माणूस बसलेला असताना? एक शब्द बोलता येत नव्हता तुला?

आजी: अहो.

आजोबा: एक शब्द सांगितला असतास तर मी दवाखान्यात घेऊन गेलो नसतो का? पाठीवर घालून नेलं असतं.

आजी: अहो, ती भिंगरी आहे.

आजोबा: माहितीये मला.

आजी: बरं. राहू द्या. असेच बसा दोघं. मी बाहेर जाऊन येते, शेजारी सगळे जमलेत. ओरडणं कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत गेलंय.

भिंगरी: आजोबा, तुम्ही पण रडताय?

आजोबा: हो.

भिंगरी: मग मी थांबते. आपण दोघं एकदम नको रडूया. आजी बाहेर गेलीये.

आजोबा: बरं.

आजी: आले मी. ऐकलंत का? गाडीवाला विचारत होता काय झालं म्हणून. मी म्हटलं, आमचे हे जरा रागावलेत. त्यानं पुढे काही न विचारता गाडी काढली.

*

आजी: हे घ्या मेण. आणि ही कोरणी.

आजोबा: आत्ता? अगं, भिंगरी आता कुठं झोपलीय.

आजी: म्हणूनच आत्ता. उद्या मी विसरेन.

आजोबा: काय विसरशील?

आजी: तुमचा चेहरा. तुम्ही कुठं बघितलात तो? मी समोर उभी होते. इतकी वर्षं तुमच्या मूर्तींचे डोळे मी रंगवतेय, एवढं तर माझ्या लक्षात राहतं. आधी या भुवया उतरवा. तुम्ही त्या वर नेल्यात, म्हणून हा नवल वाटल्यासारखा दिसतो. तुमच्या खाली आल्या होत्या, मधे गाठ पडल्यासारख्या.

आजोबा: अशा?

आजी: आणखी. हं. नाकपुड्या फुगलेल्या. तोंड इतकं रुंद नको. रुंद केलं की हसू येतं. तोंड उंच उघडलं होतं, खालचा ओठ ताणलेला, जीभ वर वळलेली. 'मागे' म्हणताना वळते तशी.

आजोबा: मा...गे. खरंच की. दादा जीभ अशीच करायचा. मला वाटायचं, बाबांनी शिकवलं म्हणून करतो.

आजी: आता डोळे. मोठे करा. आणखी मोठे. पण ती बाहेरची कड अशी खाली ओढू नका, तशी दुष्ट माणसाची असते. तुमच्या डोळ्यांत दुष्टपणा नव्हता.

आजोबा: मग काय होतं?

आजी: तुम्हीच म्हणालात ना मघाशी तिला. भीती. स्वतःसाठी नाही, तिच्यासाठी. डोळे फाटलेले, पण बुबुळं खाली, तिच्यावर. तुम्ही मुशीकडे बघतच नव्हतात. हातात वितळलेलं पितळ आणि बघताय पोरीकडे. मला वाटलं, आता तुमचेच पाय भाजतात.

आजोबा: बुबुळं खाली म्हणजे दारातून येणाऱ्याकडे बघणार हा.

आजी: बघू दे की. त्याच्यासाठीच उभा आहे ना?

आजोबा: अगं, थांब. जरा थांब.

आजी: काय झालं?

आजोबा: भिंगरीला ओरडलो ना, त्यातलं निम्मं दादाला होतं.

आजी: ऐकलं मी.

आजोबा: पोर घाबरली असेल. तिला काय कळणार दवाखाना आणि पाठीवर घेणं.

आजी: तिला एवढंच कळलं की आजोबा रडले आणि तिनं त्यांना सांभाळलं. मघाशी झोपताना मला सांगत होती, 'आजोबांना एकटं सोडू नकोस.' करा पुढे. गालाचं हाड राहिलंय.

आजोबा: दादा असता तर म्हणाला असता, एवढा वेळ लावतात का चेहऱ्याला?

आजी: म्हणू द्या. तुम्ही आता उलट उत्तर द्यायला शिकलात.

*

भिंगरी: आजी, पितळेचा झाला. चमकतोय. मी जवळ जाऊ?

आजी: जा. आता गार आहे. डोळे मी काल रंगवले, त्यांना हात लावू नकोस. अहो, फोन वाजतोय तुमचा. अक्का असतील.

आजोबा: तूच घे. तिला फोटो पाठवलाय. मला पुन्हा हसणं ऐकायचं नाही.

आजी: आणा इकडे, भित्रे कुठले. हं, बोला अक्का. हो, मिळाला ना फोटो? हो. हो. बरं. सांगते. नाही, इथंच आहेत, खांबाआड उभे आहेत. हो, तसंच सांगते. ठेवते.

आजोबा: काय म्हणाली?

आजी: आधी फोटो मोठा करून बघितला म्हणाल्या.

आजोबा: मग?

आजी: मग म्हणाल्या, 'मी दादासारखा येईल म्हणून वाट बघत होते. हा दादाचा नाही. हा धाकट्याचा आहे. घेऊन या.' आणि म्हणाल्या, दाराच्या उजवीकडे ठेवणार आहेत. येणाऱ्याला आधी तोच दिसला पाहिजे.

आजोबा: असं म्हणाली?

आजी: असंच म्हणाल्या. आता खांबामागून बाहेर या.

आजोबा: भिंगरी, तू सांग. भीती वाटते का याची?

भिंगरी: थांबा, मी समोर उभी राहून बघते. हं. आधी वाटली. आता नाही वाटत.

आजोबा: का गं? नीट ओरडत नाही का तो?

भिंगरी: ओरडतोय. खूप ओरडतोय. पण मला नाही. माझ्या मागे कुणीतरी आहे, त्याला ओरडतोय.

आजी: ऐकलंत?

आजोबा: ऐकलं.

भिंगरी: आजोबा, मठात हा रोज असाच ओरडत राहणार? रात्रीपण?

आजोबा: रोज. त्याचं कामच ते.

भिंगरी: मग घसा दुखेल त्याचा.

आजी: तिथं रोज सकाळी सगळ्या मूर्तींपुढे पाण्याच्या वाट्या मांडतात. याच्यापुढेही ठेवतील एक.

भिंगरी: अक्काआजीला सांगा, कोमट ठेव म्हणावं.